चक्की सुरू असताना फोन आला तर

वाचकाचं पत्र:

"भाऊ, नमस्कार. गावात आमची पिठाची चक्की हाय. घरधनी वावरात, म्हणून चक्की माह्याकडेच. दिवसभर फोन. 'बाई, दयन झालं का?', 'लाईन हाय का?', बचत गटाच्या मॅडमचा येगळा. हात पिठानं भरलेले, फोन धरता येत नाही. म्हणून पोराले घेऊन बिनवायरचा हेडफोन पाहाले तालुक्याले गेलो होतो. दुकानदारानं गाणं लावलं, लय भारी वाजलं. मंग पोरानं माह्या बहिणीले फोन लावला, तं तिचा आवाज डब्यात कोंबल्यावानी, आन् ती म्हणते तुहा आवाज हिरीतून येते. दुकानदार म्हणते हा असाच असते, तुम्ही एएनसीवाला घ्या, चक्कीचा आवाज गायब. पोरगा म्हणते बड्स घे. भासरे म्हणते गळ्यातला घे. संध्याकाळी मले भजनं आयकाची हौस हाय, ते बी चांगलं वाजलं पायजे. दोन हजाराच्या वर जाचं नाही. काय घेऊ?"
– एक चक्कीवाली, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

ताई,

दुकानदारानं तुम्हाला खराब माल दाखवला नव्हता. गाणं झकास आणि फोन भिकार, हे एकाच हेडफोनमध्ये घडतं. महागड्या हेडफोनमध्येही थोडंफार घडतंच. असं का होतं ते आधी सांगतो, म्हणजे दुकानात काय तपासायचं ते तुमचं तुम्हालाच उमगेल.

ब्लूटूथ गाणं एका पद्धतीनं पाठवतं आणि फोनवरचं बोलणं दुसऱ्या. गाण्याचा कारभार एकतर्फी असतो. फोननं द्यायचं, हेडफोननं घ्यायचं. डाव्या कानाचा आवाज वेगळा, उजव्याचा वेगळा, आणि सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत माहिती त्यातून वाहते. फोन लागला की हेडफोनला ऐकवायचंही असतं आणि तुमचं बोलणं त्याच क्षणी परतही धाडायचं असतं. पाटाचं पाणी दोन दांडांना सोडलं की दोन्हीकडची धार बारीक होते, तसंच इथं. बोलण्यासाठीची जी जुनी पद्धत आहे तिच्यात सेकंदाला ६४ किलोबिटच मिळतात, आणि डावा-उजवा हा भेद संपतो. म्हणून बहिणीचा आवाज तुम्हाला डब्यात कोंबल्यासारखा वाटला.

या जुन्या पद्धतीत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा पलीकडे जातो. तरुण, निरोगी कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे किती काय गाळलं जातं बघा. 'स'चा बहुतेक जीव ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की 'साठ' आणि 'आठ' फोनवर सारखेच ऐकू येतात. 'साठ रुपये बाकी आहेत' आणि 'आठ रुपये बाकी आहेत' यातला फरक चक्कीवालीला मी सांगायला नको.

२०११ मध्ये ब्लूटूथच्या बोलण्याच्या पद्धतीत सुधारणा झाली आणि पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत रुंदावला. खोक्यावर 'एचडी कॉलिंग' किंवा 'वाइडबँड' असं लिहिलेलं असतं ते हेच. आताचे बरेच हेडफोन हे करतात. पण हेडफोननं करून भागत नाही. तुमचा फोन, तुमचं नेटवर्क आणि समोरच्याचा फोन, सगळ्यांनी साथ द्यावी लागते. गावात टॉवर दुबळा असला की फोन ४जीवरून २जीवर घसरतो आणि मग दोन हजाराचा काय, वीस हजाराचा हेडफोन लावला तरी आवाज तसाच कोंबलेला. म्हणून हेडफोनला पैसे घालण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर 'व्होएलटीई', म्हणजे बोलणंही ४जीवरूनच नेणारी सोय, चालू आहे का ते पोराला बघायला सांगा. २०१६ मध्ये जिओ आलं ते निव्वळ ४जीवर, त्यामुळे त्या सिमवर हा प्रश्नच नाही. पण बाकीच्या कंपन्यांच्या सिमवर हे बटण बंद राहिलेलं मी खेड्यापाड्यांत पुष्कळदा पाहिलंय. बटण चालू केलं की काही न खर्चता आवाज सुधारतो. बोलणं चालू असताना पडद्यावर 'एचडी' असं दिसलं की समजा, नेटवर्ककडून काम झालं.

आता 'हिरीतून आवाज येते' ही बहिणीची तक्रार. खरी मेख तिथं आहे. गाणं चांगलं वाजतं का हे तुमचा कान तुम्हाला सांगतो. तुमचा आवाज पलीकडे कसा पोचतो हे मात्र तुमच्या कानाला कधीच कळत नाही, ते समोरच्याच्याच कानाला कळतं. दुकानात मात्र सगळे स्वतःच्या कानाला लावून, मान डोलवून, पैसे देऊन मोकळे होतात. पुढं सहा महिने बायको, भाऊ, गिऱ्हाईक सगळे 'हॅलो, हॅलो, काय?' करत राहतात आणि हा माणूस म्हणतो, नेटवर्क खराब आहे!

दोन हजाराच्या आत गाण्यासाठी चांगला हेडफोन मिळणं आता फार अवघड राहिलेलं नाही. बोलण्यासाठी चांगला मिळणं अवघड आहे. म्हणून तुम्ही माइकसाठी हेडफोन निवडा. भजनं त्यावर बरी वाजतीलच.

माइकचं पहिलं गणित अंतराचं. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं घटतो. चक्कीचा आवाज मात्र तेवढाच राहतो, कारण ती काही लांब गेलेली नसते. नेकबँडचा, म्हणजे तुमचे भासरे (मोठे दीर) म्हणतात त्या गळ्यातल्या हेडफोनचा, माइक गळपट्टीपाशी कुठंतरी लोंबतो आणि पदराला, ओढणीला घासून खरखरतो. बड्सचा, म्हणजे कानात बसणाऱ्या बिनवायरच्या सुट्या बोंड्यांचा, माइक कानापाशी, म्हणजे ओठांपासून बराच मागे. कंपन्यांच्या फोन-केंद्रात बसणाऱ्या पोरींच्या गालापाशी जी दांडी असते तिच्या टोकाचा माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर. गोंगाटात सर्वांत स्वच्छ आवाज त्या दांडीवाल्याचाच जातो, आणि त्यात काही जादू नाही, निव्वळ अंतर. तसे ब्लूटूथ हेडसेट मिळतात, ट्रकवाले वापरतात, पण तुमच्या पैशात मिळणारे बहुतेक एकाच कानाचे असतात. मग भजनाची हौस अर्धी राहते.

दुसरं गणित दोन आद्याक्षरांच्या घोळाचं. दुकानदारानं तुम्हाला एएनसी सांगितलं. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. हेडफोनचा बारीक माइक बाहेरचा आवाज पकडतो, त्याची नेमकी उलटी लाट स्पीकरमधून सोडतो आणि दोन लाटा एकमेकींना मारतात. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. अमर बोस यांच्या कंपनीनं १९८९ मध्ये वैमानिकांसाठी असा हेडसेट विकायला काढला. विमानाची घरघर एकसुरी आणि खालच्या पट्टीतली असते, ती अशा उलट्या लाटेनं छान मरते. कुलरची घरघर, एसटीच्या इंजिनाची घरघर, तीही मरते. चक्कीच्या मोटरचा हुंकार थोडा कमी होईल. पण पट्ट्याची फटफट आणि दगडाची खरखर वरच्या पट्टीत असते, ती आहे तशी कानात येणार. आणि तुमच्या बहिणीच्या कानात जाणारी चक्की तर एएनसीनं तसूभरही कमी होत नाही.

ते काम ईएनसीचं. तुमच्या तोंडचा आवाज आणि आजूबाजूचा कलकलाट वेगळा काढून फक्त बोलणं पुढं पाठवायचं. खोक्यावर 'ईएनसी', 'क्वाड माइक', 'एआय कॉल' असं काहीबाही ठळक छापलेलं असतं. चार माइक म्हणजे बहुतेक वेळा एका कानाला दोन. त्यानं किती गोंगाट कापला जातो हे खोक्यावर कुणी खात्रीनं सांगत नाही. स्वस्तातल्या ईएनसीची एक खोड आहे. गोंगाट वाढला की तो गोंगाटाबरोबर तुमचा आवाजही खातो, शब्दांचे तुकडे तुकडे पडतात. पेठेत शांत दुकानात उभं राहून हे कळत नाही.

म्हणून परीक्षा अशी घ्या. बहिणीला घरी कागद-पेन घेऊन बसवा. दुकानातून हेडफोन लावून तिला फोन करा आणि आकडे सांगा. साठ, आठ, सात, साडेसात, पस्तीस, छत्तीस, सव्वाशे, दीडशे. उलटसुलट, मध्ये न थांबता. तिनं ऐकलं तसं लिहायचं, 'काय म्हणालीस?' असं विचारायचं नाही. मग दुकानाच्या बाहेर रस्त्यावर या, ट्रॅक्टर, मोटारसायकली जात असतील तिथं, आणि तेच आकडे दुसऱ्या क्रमानं सांगा. शेवटी तिला यादी वाचून दाखवायला सांगा. ज्या हेडफोनवर रस्त्यावरची यादी दुकानातल्या यादीच्या जवळपास उतरेल तो तुमचा. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या. दोन हजार तुमचे आहेत.

पण ताई, एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. दहा एचपीच्या मोटरची चक्की दोन हातांवर धडधडत असताना स्वच्छ बोलू देईल असा हेडफोन तुमच्या पैशात नाही. चक्की चालू असताना फोन आला तर उचला, 'थांब' म्हणा आणि दाराबाहेर चार पावलं या. चक्कीपासूनचं अंतर वाढवणं हा सगळ्यांत चांगला ईएनसी आहे, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

यापेक्षा महत्त्वाची बाब तुमच्या पत्रात नव्हती, ती मी काढतो.

चक्कीपाशी दोन्ही कान बंद करून गाणी ऐकू नका. दाणा संपत आला की दगडाचा आवाज बदलतो, कोरडा, खणखणीत होतो. तुम्ही पाठमोऱ्या दुसऱ्याचा डबा मोजत असलात तरी तो बदल ऐकून तुमचा हात आपसूक वळतो. पट्टा सरकायला लागला, बेअरिंग ओरडायला लागलं, हेही आधी कानाला कळतं आणि मग डोळ्याला. एएनसीनं चक्कीचा आवाज खरोखरच गायब झाला असता तर ते तुमच्या धंद्याला घातकच ठरलं असतं.

दुसरं कानाच्या प्रकृतीचं. हात लांब केला तर जिथं पोचेल तिथल्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं ढोबळ मानतात. चक्कीपाशी तर तुम्ही ओरडता. हेडफोनमधलं गाणं ऐकू यायला ते त्याहून मोठं करावं लागणार. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत कानाला सोसतो आणि पुढं दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. तुमचा कोटा तर चक्कीच संपवून टाकते, वर गाण्याचा भार कशाला? गिऱ्हाईक नसेल आणि दळण लांबलचक असेल तेव्हा कानात फोमचे साधे बोळे घाला. मेडिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतात, आणि दगडाचा बदललेला आवाज त्यातूनही कळतो.

तिसरं पट्ट्याचं. भासऱ्यांनी सुचवलेला नेकबँड त्यांच्या कामाला उत्तम आहे. माझा अंदाज आहे की ते जागलीला जात असतील. रात्रभर रानडुकराच्या मागं जागायचं, एक कान गाण्याला, दुसरा वावराला, नको तेव्हा बोंड्या छातीवर सोडून द्यायच्या आणि हातात काठी. नेकबँडची बॅटरीही मोठी, रात्रभर पुरते. पण चक्कीच्या फिरत्या पट्ट्याजवळ वाकून काम करणाऱ्या बाईच्या गळ्यात वायर लोंबणं मला साफ नामंजूर आहे. पदर खोचून, वेणी बांधून काम करायचं हे तुम्ही सासूकडून शिकला असाल, हाच नियम हेडफोनला.

मग पोरगा म्हणतो ते बड्स? बरोबर, पण तो कॉलेजच्या बसमध्ये बसून बोलतोय. गुळगुळीत बड घामानं सटकतो आणि तुम्ही दाण्याच्या तोंडावर वाकलेल्या असाल तर थेट ज्वारीत. आत लिथियमची बॅटरी असते. दगडाखाली ती आली तर आग लागू शकते, आणि दळण कुणाचं बिघडलं हा वाद वेगळा.

म्हणून माझं मत हे. कानामागे अडकणारा हुक असलेले बड्स घ्या. व्यायाम करणाऱ्यांसाठी म्हणून असे विकतात, तुमच्या पैशात मिळतात. त्यांतला कुठलाही एक बड एकटा चालतो का हे दुकानात करून बघा. डावा त्याच्या चार्जिंगच्या डबीत ठेवून उजव्यावर फोन, मग उजवा ठेवून डाव्यावर. चक्कीवर एकच बड, एका कानात, फक्त फोनसाठी. दुसरा डबीत चार्ज होत राहील, पहिला उतरला की बदला. रात्री दोन्ही लावा, भजनं ऐका. डोक्याला फडकं बांधत असाल तर ते बडवरून घेऊ नका, माइकचं बारीक भोक कपड्याखाली गेलं की खरखर सुरू.

बटण दाबायचं आहे का नुसतं बोट लावायचं आहे, तेही बघा. नुसत्या स्पर्शावर चालणारे बड्स पिठाच्या हातानं नको तेव्हा फोन तोडतात आणि हवं तेव्हा उचलत नाहीत. दाबल्यावर 'टक' असं कळणारं बटण तुमच्या कामाचं, मनगटाच्या मागच्या बाजूनंही दाबता येतं. त्याहून सोपं म्हणजे अनेक फोनांच्या सेटिंगमध्ये हेडफोन जोडलेला असेल तर कॉल काही सेकंदांनी आपोआप उचलण्याची सोय असते. ती पोराकडून चालू करून घ्या. मग हात पिठात असले तरी चालेल. फक्त हेडफोन कानातून काढल्यावर डबीत ठेवायचा, नाहीतर तुम्ही वावरात जाल आणि चक्कीच्या फळीवर पडलेला बड सगळ्यांचे फोन उचलत बसेल!

फोन स्वतः कुठं आहे याकडेही लक्ष असू द्या. ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर सांगतात, तीही मोकळ्या जागेत. मध्ये भिंत आली, धान्याच्या पोत्यांची थप्पी आली, किंवा नुसतं आपलं अंग आलं, तरी ती घटते. माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी गिळतं. घरात चार्जिंगला लावलेला फोन आणि ओसरीतली चक्की असा संसार तुटक तुटकच चालणार. ज्या कानात बड, त्याच बाजूच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत फोन ठेवा.

आता पीठ. खोक्यावर 'आयपीएक्स ४' किंवा 'आयपी ५४' असं असतं. शेवटचा आकडा पाण्याचा: ४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले शिंतोडे सोसेल, घाम चालेल. त्याच्या आधीचा आकडा धुळीचा. तिथं 'एक्स' असेल तर धुळीची परीक्षा झालेली नाही. बहुतेक स्वस्त बड्स 'एक्स'वालेच, कारण शहरातल्या गिऱ्हाइकाला घामाची काळजी. तुम्हाला धुळीची. 'आयपी ५४' किंवा '५५' लिहिलेलं मिळालं तर त्याला पहिली पसंती द्या. '५' म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम बिघडणार नाही. तेही खुद्द बड्सना लागू, डबीला बहुतेक वेळा काहीच लागू नसतं, म्हणून डबी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. रात्री कोरड्या, मऊ दातब्रशनं जाळी खाली तोंड करून झाडायची. फुंकर नको, फुंकरीतला ओलावा पिठाला चिकटवतो. टाचणी तर मुळीच नको. आणि दगडाला टाकी लावायच्या दिवशी बड्स घरातच ठेवा. छिन्नीचा लोखंडी कीस उडतो, बड्सच्या स्पीकरला आणि डबीला चुंबक असतं, तो कीस बरोबर तिथं जाऊन बसतो.

उन्हाळ्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहूनही वर. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. भर दुपारी टिनाखाली चार्जिंगला लावली तर वर्षभरात तिची ताकद आटते. रात्री किंवा पहाटे, घरात लावा. पावसाळ्यात कानात बोंडी घालून घामट राहू नका, ओलसर कानात बुरशी धरते. खाज सुटली की आठ दिवस हेडफोन बंद आणि डॉक्टरला दाखवायचं, तेल घालायचं नाही.

भजनाच्या हौशीचं राहिलं. इथं मी थोडक्यात सांगतो, कारण इथं फसण्यासारखं कमी आहे. दुकानदार धडाड्धूम ढोल असलेलं गाणं लावतो, कारण त्यात कुठलाही हेडफोन बरा वाटतो. तुम्ही तुमच्या ऐकण्यातलं खंजिरी भजन लावा. खंजिरीच्या चकत्या कानाला टोचल्या नाहीत, पेटीचा सूर गायकाच्या आवाजावर चढला नाही आणि मागे धरणाऱ्या मंडळींचे आवाज डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे कळले, की झालं. दोन हेडफोन ताडून बघायचे तर दोघांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, दुकानदारांना हे पुरतं ठाऊक असतं. खोक्यात रबराच्या तीन मापांच्या बोंड्या येतात. तीन्ही लावून बघा, कानात नीट बसणारी नसेल तर ढोलकीचा ठेका उडून जातो आणि हेडफोन पातळ वाजतो. पुष्कळ लोक मधल्या मापाची बोंडी असते तशी लावतात आणि पुढं हेडफोनला नावं ठेवतात. '१३ एमएम ड्रायव्हर', 'ब्लूटूथ ५.३', 'एलडॅक' हे शब्द ऐकून शंभर रुपयेही जास्त देऊ नका. २०२० मध्ये जाहीर झालेली 'एलई ऑडिओ' नावाची नवी पद्धत बोलणं आणि गाणं दोन्ही सुधारते, पण ती तुमच्या फोनमध्येही असावी लागते. फोन बदलाल तेव्हा बघू.

घरात जुना वायरचा इयरफोन असेल आणि फोनला त्याचं भोक असेल तर तो टाकू नका. त्याचा माइक वायरीवर, ओठांच्या जवळ असतो. गटाच्या मॅडमशी हिशेबाचं लांबलचक बोलायचं असेल, चक्की बंद असेल, तेव्हा तो लावा. दोन हजाराच्या बड्सपेक्षा आवाज बरा जाईल.

घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर दुकानाचा शिक्का आणि मॉडेलचं नाव हवं. खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. 'बीआयएस केअर' या सरकारी अॅपमध्ये तो घातला की कंपनीचं नाव येतं, नाव जुळलं नाही तर माल ठेवून द्या. कानात घालायची वस्तू असल्यानं काही दुकानं आणि ऑनलाइनवाले उघडलेला माल परत घेत नाहीत. म्हणून चाचणी आधी, पैसे नंतर, आणि 'घरी चक्कीवर लावून बघतो, जमलं नाही तर किती दिवसांत बदलून द्याल?' हे बिलावर लिहून घ्या. दोष निघाला आणि दुकानदारानं हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंही भागलं नाही तर २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबईला असो का गुरगावला, तुम्हाला यवतमाळच्या पुढं जावं लागत नाही.

बाजाराच्या दिवशी जाऊ नका. गर्दीत दुकानदार तुम्हाला आकडे म्हणत रस्त्यावर फिरू देणार नाही. आडवारी, दुपारच्या आत जा, आणि निघण्याआधी बहिणीला फोन करून सांगा, की आज कागद-पेन घेऊन बस.